तो काही करत नाही

मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी सहा ते आठ या वेळात एक वाक्य हमखास कानावर पडतं. कोकणीत, हिंदीत, इंग्रजीत, मराठीत, भाषा बदलते पण वाक्य तेच: "घाबरू नका, तो काही करत नाही."

या वाक्याची गंमत अशी, की ते नेहमी लांबून येतं. कुत्रा आपल्या गुडघ्यापाशी पोचलेला असतो आणि मालक मागे तीस-चाळीस पावलांवर, बरेचदा मोबाईलमधून मान वर न काढता बोलतो. व्याकरणाच्या तासाला बसल्यासारखं पाहिलं तर या वाक्यात 'तो' आहे, म्हणजे कुत्रा. 'घाबरू नका'मध्ये दडलेले 'तुम्ही' आहात. 'मी' मात्र कुठेच नाही. ज्याने साखळी सोडली, तोच माणूस वाक्यातून गायब! कुत्र्याला मोकळं सोडायला माझी हरकत नाही. फक्त तो 'मी' वाक्यात परत आला पाहिजे, एवढंच म्हणायचं आहे.

मी हे कुत्र्यांच्या बाजूने लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरी टायगर आहे. जात विचाराल तर गोव्यातली, रंग तांबूस, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. त्याला रोज धावायला मिळावं म्हणून मी परीक्षेच्या दिवसांतही पहाटे उठते. आणि त्याच घरात माझी शामाय, म्हणजे आजी, राहते. टायगर तिच्या खाटेखाली झोपतो. कुत्र्यांची तिला भीती नाही. तिला भीती आहे पडण्याची.

मालकाच्या तोंडी 'काही' या शब्दाचा अर्थ एकच असतो: चावणं. शामायसाठी 'काही'मध्ये बरंच येतं. पंचवीस-तीस किलोचा लॅब्राडॉर प्रेमाने पुढचे दोन पाय छातीवर टेकवतो, तेव्हा तो चावत नाही हे खरंच. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, की ते प्रेमाने मोडलं की रागाने, याने काय फरक पडतो? एकदा अशीच उडी आली, मी हात धरला म्हणून ती सावरली. तेव्हापासून ती किनाऱ्यावर येत नाही. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून फेऱ्या मारते. जन्मभर समुद्राच्या काठी राहिलेली बाई! हे त्या मालकाला कधी कळणारसुद्धा नाही. त्याच्या मते त्या दिवशी काहीच झालं नव्हतं.

मग कुत्र्यांना बंदीच घालावी का? आमच्या भागातल्या एका मैदानावर तसा फलक लागलासुद्धा, एक लहान मुलगा धक्का लागून पडल्यानंतर. फलक लावणं सोपं असतं. पण त्याने प्रश्न सुटत नाही, तो फक्त फ्लॅटच्या आत ढकलला जातो.

आपल्या देशात १९६० पासून प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेचे प्रकार दिलेत: मारणं, उपाशी ठेवणं, जड ओझं लादणं. त्यातच एक प्रकार असा आहे, की जो कुत्रा नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेला असतो, त्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं. हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. साठ वर्षांहून जास्त काळ कायदा सांगतोय की कुत्र्याला फिरवणं हा लाड नव्हे, ते न करणं हा गुन्हा आहे. आता दंड ऐका: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज एक रस-ऑम्लेटसुद्धा येत नाही.

दुसऱ्या बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. ती संहिता जुलै २०२४ पासून लागू झाली. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कुत्रा पाळणाऱ्याने दोन्ही करायचं आहे: त्याला पळूही द्यायचं आणि त्याच्यावर ताबाही ठेवायचा. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं, खरा प्रश्न तिथे आहे.

आमच्या आईच्या गावी, बार्देशात, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. तिथे कुत्रा दिवसभर मोकळाच असायचा. सकाळी पोदेराच्या सायकलीमागे, दुपारी कुणाच्या तरी बाल्कांवाखाली, संध्याकाळी आपल्या दारात. पण वाड्यावरचं प्रत्येक माणूस त्याला ओळखायचं आणि तोही प्रत्येकाला. कुठल्या घराचा, भुंकतो की चावतो, कुणाच्या कोंबड्या त्याने खाल्ल्यात, सगळं माहीत. नवखा माणूस आला तर तो फाटकाबाहेरूनच हाक मारायचा आणि घरातलं कुणीतरी येईपर्यंत थांबायचा. तिथे ताबा साखळीचा नव्हता, ओळखीचा होता. मिरामारला ती ओळख नाही. तिथे रोज नवी माणसं येतात, आणि कुत्रा सातव्या मजल्यावरून चोवीस तासांत वीस मिनिटांसाठी खाली उतरलेला असतो. जुनी मोकळीक नव्या जागेत नेली आणि ओळख मागेच राहिली, तर असंच होणार.

ताबा ठेवायचा तर साखळीच का नको? कारण साखळीवर कुत्रा आपल्या चालीने चालतो, त्याच्या चालीने नाही. टायगर सुटा पळताना पाहिलं, की हा प्राणी कशासाठी घडलाय ते समजतं. दहा मिनिटं तसं धावल्यावर तो दिवसभर घरात शांत असतो. मग बाल्कनीतून भुंकणं नाही, चपला चावणं नाही.

पण मोकळं सोडायच्या आधी एक परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती कुत्र्याची कमी, आपली जास्त असते. हाक मारली की तो येतो का? दहाव्या हाकेला नव्हे, पहिल्या. समोर दुसरा कुत्रा असताना, कुणीतरी बॉल खेळत असताना, वाळूत माशाचं डोकं सापडलेलं असताना येतो का? टायगरला हे शिकवायला आम्हाला चार-पाच महिने लागले. दहा मीटरची हलकी दोरी घ्यायची, ती गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता छातीच्या हार्नेसला बांधायची, म्हणजे हिसका मानेला बसत नाही. दोरीचं दुसरं टोक आपल्या हातात. त्याला वाटतं आपण सुटलो, आणि आपल्याला माहीत असतं की नाही. हाक मारायची, आला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा आणि लगेच पुन्हा खेळायला सोडायचं. हे 'पुन्हा सोडायचं' फार महत्त्वाचं. बहुतेक लोक कुत्र्याला फक्त घरी जायच्या वेळी बोलावतात. कुत्रा मूर्ख नसतो, हाक म्हणजे खेळ संपला हे त्याला आठवड्याभरात कळतं. मग मालक 'रॉकी, रॉकी, रॉकी' करत किनाराभर पळतो आणि शेवटी सापडला की त्याला एक फटका देतो. म्हणजे पुढच्या वेळी त्याने अजिबात येऊ नये, याची पक्की सोय.

आणि हाकेला येणारा कुत्रासुद्धा कुठेही सोडायचा नसतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. वनखात्याची माणसं त्याभोवती कुंपण घालून राखण करतात, ती माणसांपासून तशी कुत्र्यांपासूनही. वाळूखालच्या अंड्यांचा वास कुत्र्याला तुमच्या हाकेच्या आधी कळतो. त्या दिवसांत त्या किनाऱ्यांवर साखळीच. रापण ओढून झाल्यावर वाळूत टाकून दिलेल्या मासळीत अंग फुगवणारा केंड मासा असू शकतो, तो विषारी असतो, खाल्ला तर कुत्रा मरू शकतो. भटक्या कुत्र्यांची टोळी किनाऱ्याचा आपापला तुकडा राखून असते. आपला कुत्रा त्यात घुसला आणि भांडण झालं, तर दोष त्या टोळीचा नाही. आणि समोरचा कुत्रा साखळीवर असेल, तर आपल्या मोकळ्या कुत्र्याला त्याच्याकडे धावू द्यायचं नाही. बांधलेल्याला पळता येत नाही, मग तो दात दाखवतो. लस आणि विष्ठा उचलायची पिशवी याबद्दल वेगळं सांगायला नको. गोव्यात वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरून भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचली गेली, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, आणि आपला घरचा कुत्रा मात्र लशीविना किनाऱ्यावर, हे लाजिरवाणं आहे.

एक गोष्ट जरा कडू आहे, तरी लिहिते. मोकळा कुत्रा सगळ्यांच्या अंगावर सारखा जात नाही. तो जातो झाडूवालीच्या अंगावर, चणे-शेंगदाणे विकणाऱ्याच्या, पार्सल घेऊन पळणाऱ्या पोराच्या. त्यांच्या हातात काठी, टोपली, पिशवी असते, ते घाईत असतात, म्हणून असेल. पण मालक हसून म्हणतो, "त्याला माणसं बरोबर कळतात हं!" हे मी स्वतः ऐकलंय. झाडूवाली काय बोलणार? तिला तिथेच काम करायचं असतं. मॉर्निंग वॉकवाल्या काकांनी तक्रार केली तर निदान वादावादी होते. ती फक्त झाडू आडवा धरून उभी राहते. बंदीचा फलक तिच्यासाठी लागला नव्हता, हेही लक्षात घ्या.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले, तेव्हापासून घरोघरी दोन पक्ष पडलेत, कुत्रेवाले आणि कुत्रेविरोधी. या आरडाओरड्यात पाळीव कुत्र्याचा मालक अलगद सुटतो, कारण चर्चा सगळी रस्त्यावरच्या कुत्र्यांची. त्यांचा एकच एक असा मालक कुणी नाही, हाच तर वाद आहे. पण माझा टायगर कुणाचा, यात वाद कसला?

मध्येच आठवलं म्हणून. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात. आमच्या सां रोकच्या मूर्तीत एक असतो, तोंडात पाव धरलेला, कारण प्लेगने आजारी पडून रानात राहिलेल्या त्या संताला कुत्र्याने पाव आणून जगवलं अशी कथा आहे. या पाचांपैकी एकाच्याही गळ्यात साखळी मी पाहिलेली नाही. आणि पाचही जण धन्याच्या पायाशीच उभे! मी हे शामायला सांगितलं तर ती म्हणाली, "ते संतांचे कुत्रे गो. तुझा टायगर संताचा नव्हे."

ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनीही थोडं करावं. दगड उचलू नये. कुत्रा धावत आला तर पळू नये, हात खाली सोडून स्थिर उभं राहावं, मुलांना हे शाळेतच शिकवावं. पण हे नंतरचं. आधी बोलायचं ते साखळी ज्याच्या हातात आहे त्याने. समोरून माणूस आला की "तो काही करत नाही" ऐवजी "थांबा, मी त्याला बोलावते" म्हणायचं, आणि खरंच बोलवायचं. तो आला नाही, तर त्याला अजून मोकळं सोडायची वेळ झालेली नाही.

आणि जागा मागायची. हैदराबादला महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला खास कुत्र्यांसाठी पार्क सुरू केलं, सव्वा एकराच्या आसपास. आपल्याला एवढंही नको. त्या फलकवाल्या मैदानाचा मागचा कोपरा, जिथे एरवी फक्त मोडकी बाकडी पडलेली असतात, तो कुंपण घालून दिला तरी पुरे. दोन दरवाजे हवेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, म्हणजे आत-बाहेर करताना कुत्रा निसटत नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. उरलेलं मैदान बाकीच्यांचं, आणि तिथे प्रत्येक कुत्रा साखळीवर, माझाही.

तसा अर्ज आम्ही काही जणांनी लिहिलाय. पहिल्या मसुद्यात एकच दरवाजा होता. शामायने चष्मा लावून तो वाचला आणि दोन दरवाजे लिहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणाली. लिहिले, तेव्हा केली.