"आता या वयात काय करायचंय?"

परवा नांदेडला मामांकडे जाऊन आलो. मामा ७४ वर्षांचे. वर्षभर कंबर दुखत होती. कुणी तेल सांगितलं, कुणी शेक, एका डॉक्टरांनी इंजेक्शनं टोचली. रात्री पाच-पाच वेळा उठावं लागतं, हे मामांनी लाजेपोटी सांगितलंच नाही. शेवटी पीएसए नावाची साधी रक्ततपासणी झाली, मग बायोप्सी. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला.

मग जमले नातेवाईक! आणि लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणतो, "आता या वयात काय करायचंय? घरी ठेवा, सुखानं राहू द्या." दुसरा म्हणतो, "शेत विका, मुंबईला न्या, नवीन ट्रीटमेंट आलीय म्हणे." मंडळी, राग येईल तुम्हाला, पण माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही पक्ष चूक आहेत.

आधी पहिला पक्ष. हाडांत पसरलेला हा आजार सहसा मुळापासून बरा होत नाही, मान्य. पण तो पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ सालीच दाखवलं (त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं). हार्मोन तोडा, आजार मागे हटतो. त्यासाठी दर महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन घेता येतं, किंवा एकदाच छोटं ऑपरेशन करून वृषणं काढता येतात. आणि दुखणं कमी होऊन माणूस पुन्हा ओट्यावर येऊन बसतो. सुखानं राहू द्या म्हणता ना? मग ते सुख असं मिळतं, उपचार न करता नाही.

आता दुसरा पक्ष. नवीन म्हणजे महाग आणि मुंबईतच, हे कुणी सांगितलं? २०१७ साली दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं की हार्मोनच्या उपचाराला सुरुवातीपासूनच अबिराटेरोनच्या गोळ्यांची जोड दिली तर मृत्यूचा धोका एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. या गोळ्या भारतीय कंपन्या बनवतात. २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात तर जेवणासोबत घेतलेल्या पाव डोसनं पीएसए उपाशीपोटीच्या पूर्ण डोसइतकाच उतरला. (स्वतःच्या मनानं डोस बदलू नका, पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?) एन्झालुटामाइडचा पेटंटचा अर्ज आपल्या पेटंट कार्यालयानं २०१६ साली फेटाळला, म्हणून तेही देशी बनावटीचं मिळतं.

आणि ज्याची सगळीकडे चर्चा ते ल्युटेशियम? ते किरणोत्सारी औषध कॅन्सरच्या पेशीला जाऊन चिकटतं आणि तिथेच मारा करतं. अमेरिकेत २०२२ साली त्याला मान्यता मिळाली. त्यासाठी लागणारं ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्टीत तयार होतं! पण ते आधीचे उपचार थकल्यावरचं अस्त्र आहे. पहिल्याच दिवशी त्यासाठी शेत विकणं म्हणजे तहान लागण्याआधी विहीर विकण्यासारखं.

लातूरला विवेकानंद रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. सुरुवात तिथून करता येते. पण आपल्याकडे अडतं ते औषधावाचून नाही, बोलण्यावाचून. लघवीचं बोलायची लाज, वृषणं काढायचं म्हटलं की मर्दानगी आडवी येते, आणि 'कॅन्सर' हा शब्द तर पेशंटसमोर उच्चारायचाच नाही.

रात्री सगळे गेल्यावर मामा मला म्हणाले, "सगळे माझ्याच आजाराबद्दल बोलायलेत, अन् मला कुणी विचारना." मी खाली मान घातली. दिवसभर मीही त्यांच्याशी नाही, त्यांच्याबद्दलच बोलत होतो. मग सगळं नीट सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "ऑपरेशन करू. दर महिन्याला सुई कशाला? अन् शेत नाही विकायचं."

दहा मिनिटांत निर्णय झाला. आम्ही शहाण्यांनी त्यात तीन आठवडे घालवले होते.

असो. घरात पन्नाशी-साठी ओलांडलेले वडील, काका, मामा असतील तर आज फोन करा. रात्री किती वेळा उठावं लागतं, एवढंच विचारा. लाजू नका.