काळ्या गाडीवरील बारीक रेघा

कापडाचा ताका दुकानातील दिव्याखाली नव्हे, तर बाहेर उजेडात नेऊन पाहावा, ही शिकवण व्यापारी घरांत मुलांना गल्ल्यावर बसण्याआधीच मिळते. धान्याचा नमुना पाहिल्याशिवाय सौदा ठरत नाही आणि माल उतरवून घेताना तूटफूट बिल्टीवर लिहिल्याशिवाय सही होत नाही. परंतु दहा-पंधरा लाखांची मोटारगाडी घेताना हीच चोख माणसे संध्याकाळी, शोरूमच्या झगमगाटात, हार-पेढे आणि छायाचित्रे यांच्या गडबडीत ‘गाडी समाधानकारक स्थितीत मिळाली’ या ओळीखाली सही करून मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी सकाळचे तिरपे ऊन काळ्या बॉनेटवर पडते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर्तुळाकार रेघा दिसू लागतात. मग घरात एकच प्रश्न घोळत राहतो : नवी म्हणून घेतलेली गाडी खरोखर नवी आहे काय?

त्रागा करण्यापूर्वी या रेघा म्हणजे काय, हे समजून घेणे इष्ट. आजच्या गाडीच्या पत्र्यावर अस्तर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असे थर असतात. हा पारदर्शक लेप साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. अंगावर धूळ असताना कोरडा फडका फिरवला, की या लेपावर सूक्ष्म ओरखडे उठतात. ते वस्तुतः सर्व दिशांना असतात. परंतु प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. पांढऱ्या वा चंदेरी गाडीवरही ते असतात, पण डोळ्यांत भरत नाहीत. काळा रंग आरशासारखा असल्याने काहीच लपवीत नाही. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रकवरून येते, विक्रेत्याच्या आवारात धूळ खात उभी राहते आणि ग्राहकाच्या हाती देण्याआधी घाईने पुसली जाते. त्यामुळे अशा रेघा म्हणजे गाडी वापरलेली असल्याचा पुरावा नव्हे.

खरी दक्षता निराळ्या ठिकाणी हवी. रेघा सर्वत्र सारख्या असतील, तर तो फडक्याचा प्रताप समजावा. परंतु एकाच दारावर वा एकाच मडगार्डवर त्या दाट असतील, शेजारच्या भागाहून रंगाची छटा किंचित वेगळी असेल, रबराच्या पट्टीवर रंगाचे कण असतील, तर तो भाग पुन्हा रंगवलेला असण्याची शंका घ्यावी. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र ही शंका काही मिनिटांत फेडते. एका भागाची जाडी इतरांच्या दुप्पट भरली, तर लेखी खुलासा मागितलाच पाहिजे. नख अडकेल इतका खोल ओरखडाही या बारीक रेघांत मोडत नाही.

हे सारे पाहण्याची वेळ नोंदणीपूर्वीची आहे. चासी क्रमांक आणि उत्पादनाचा महिना ताडून घ्यावा, गाडी धुऊन घेऊन उन्हात पाहावी, दोष आढळल्यास दिनांकासह छायाचित्रे काढावीत आणि विक्रेत्याकडून लेखी पोच घ्यावी. एकदा गाडी ग्राहकाच्या नावावर नोंदली गेली, की कागदोपत्री तिला पहिला मालक लाभतो. मग विक्रेता ती सहजासहजी परत घेत नाही. शिवाय महिन्याभराने त्या रेघा शोरूममध्ये पडल्या की घरच्या फडक्याने, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. पाडव्याचा वा दसऱ्याचा मुहूर्त साधायचा असेल, तर तपासणी दोन दिवस आधी उरकावी. मुहूर्त गाडी घरी आणण्याचा असतो, डोळे मिटण्याचा नव्हे.

कर्जाच्या बाबतीत एक गैरसमज नेहमी आढळतो. रंगाची तक्रार मिटेपर्यंत हप्ता रोखून धरण्याचा मोह अनेकांना होतो. बँकेने कर्जाची रक्कम विक्रेत्याला दिलेली असते. बँकेचा करार परतफेडीचा असतो, रंगाचा नव्हे. हप्ता थकला, तर विक्रेत्याचे काहीच बिघडत नाही. पत बिघडते ती कर्जदाराची. उद्या पेढीसाठी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागताना ती थकबाकी समोर येते.

कायद्याचा मार्ग अर्थातच खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र एखादा सदोष भाग बदलून देणे शक्य असताना संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका निकालात घेतली होती. मग पुसण्याच्या रेघांसाठी नवी गाडी मिळण्याची आशा कितपत धरावी? गाडी पेढीच्या नावावर असेल, तर ती व्यापारी हेतूने घेतली की व्यक्तिगत वापरासाठी, हा वाद आधी लढावा लागतो.

म्हणून मागणी दोषाच्या मापाची असावी. कुशल कारागिराकडून एकवार पॉलिश किंवा तेवढ्या खर्चाची सूट, ही वाजवी मागणी होय. पॉलिश म्हणजे पारदर्शक लेपाचा अल्पसा अंश घासून काढणे. घासलेला लेप परत येत नाही. तेव्हा ते नवख्या हातात देऊ नये. काही पॉलिश रेघा घालवीत नाहीत, नुसत्या बुजवतात. दोन-चार धुण्यांत त्या पुन्हा वर येतात. रेघा न काढताच सिरॅमिक कोटिंग केले, तर त्या झिलईखाली तशाच राहतात आणि पैसा वाया जातो.

पुढची जबाबदारी मात्र घराची. रोज पहाटे कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याची पद्धत बंद करावी. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग शॅम्पूची एक आणि स्वच्छ पाण्याची दुसरी अशा दोन बादल्या ठेवून मऊ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने धुवावे. गाडी पुसणाऱ्या मुलाला एवढे शिकवले नाही, तर विक्रेत्याशी भांडून मिळवलेली झळाळी वर्षभरात घरच्याच फडक्याने जाईल.