बाळाची पाठ थोपटू नका, श्वास मोजा

वस्तीत बाळंतिणीच्या घरी गेलो की हे दृश्य आम्हाला हमखास दिसते. वीस-पंचवीस दिवसांचे बाळ, छाती घरघरतेय, पोट उडतेय आणि आजी त्याला पालथे घेऊन पाठीवर थापट्या मारतेय. "सिस्टर, कफ सुटेल ना?" आजीची माया खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसातला जंतुसंसर्ग. थापट्यांनी जंतू मरत नाहीत. नवजात बाळाला इंजेक्शनातून अँटिबायोटिक, गरजेप्रमाणे ऑक्सिजन, ऊब आणि आईचे दूध लागते. छातीच्या फिजिओथेरपीने न्यूमोनिया लवकर बरा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. उलट, हाताळताना बाळाचा ऑक्सिजन घसरू शकतो. १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये फार अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांच्या मेंदूला इजा झाली. तिचा संबंध याच उपचाराशी जोडला गेला.

मग रुग्णालयात फिजिओथेरपी करतात ती चूक का? तसे नाही. कफाने फुप्फुसाचा भाग बंद पडला, तर डॉक्टर ठरवतात आणि प्रशिक्षित माणूस मॉनिटरवर लक्ष ठेवून ती करतो. ते पाहून घरी करायचे नाही. कोणी पैसे घेऊन घरी 'सेशन' देऊ म्हणाले, तर विचारा : कोणी लिहून दिले? कशासाठी?

आपले काम वेगळे आहे. बाळ शांत असताना छाती-पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध ओढत नसेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, तर यातले एक लक्षणही पुरे. सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, बाळाला छातीशी धरून न्या.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. हा उपकार नाही, हक्क आहे. बाहेरून औषध आणा म्हटले, तर आशाताईला सोबत घेऊन जाब विचारा.

चालत आले म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बाळाच्या पाळण्यापाशीही ते लागू आहे.

जय भीम!