आराम हराम नाही, पण औषधही नाही

आपल्याकडे कुणाला काही दुखायला लागलं की सल्ला ठरलेला असतो: "आराम कर." गुडघा असो, मणका असो, नाहीतर नुसता ऑफिसचा वैताग असो. हा सल्ला द्यायला डिग्री लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि देणाऱ्याला काळजी घेतल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच. माझं मत जरा वेगळं आहे. दुखणाऱ्या माणसाच्या हातातून काम काढून घेणं म्हणजे काळजी नव्हे. ते काम त्याच्या अंगाला बेतून देणं म्हणजे काळजी. शिंपी नाही का माप घेऊन कापड कापत? तसंच.

हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही. गावाकडच्या घरात स्वयंपाकघराची कपाटं स्वतः बनवताना ते पक्कं झालं. त्यामुळे आधी थोडं कपाटांबद्दल.

गाव धाराशिव जिल्ह्यातलं, लोहारा तालुक्यातलं (तेव्हाचा जिल्हा उस्मानाबाद, तालुका उमरगा). ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, जो भूकंप झाला तो तुम्ही 'किल्लारीचा' म्हणून ऐकला असेल. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर वगैरे आमच्या बाजूची गावंही तेवढीच झोपली. जुनी घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचं जड धाबं. उन्हाळ्यात गारेगार, पण भूकंपात जीवघेणी. नंतर सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून गावंच्या गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या हिशोबाने कुणाला २५०, कुणाला ४५०, कुणाला ७५० चौरस फुटांचं घर मिळालं. आमचं ४५०चं.

आता गंमत बघा. जुन्या घरात कपाट नावाची वस्तू फारशी लागायचीच नाही. भिंतच एवढी जाड की तिच्यात कोनाडे, देवळ्या आणि लाकडी दारांचं फडताळ आपोआप मावायचं. दुधा-तुपाला फडताळ, दिव्याला देवळी, बाकी उतरंड. नव्या घराच्या भिंती पातळ, सुरक्षित आणि सपाट. जीव वाचवणारी भिंत आली आणि फडताळ गेलं. त्यानंतर तीसेक वर्षं आमच्या स्वयंपाकघरात पत्र्याची मांडणी, ओट्याखाली कडप्प्याचे दोन खण आणि त्यांच्यापुढे पडदा, एवढाच कारभार. आईचे डबे खाली जमिनीलगत. ज्वारीच्या पिठाचा डबा काढायचा तर वाकायचं, डाळीचा काढायचा तर स्टुलावर चढायचं. आईचे गुडघे कुरकुरतात, माझी कंबर. म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन पेशंट :-)

माझं दुखणं आमच्या धंद्यातलंच. एल-फोर एल-फाइव्हची डिस्क सरकलेली, डाव्या पायात कळ. महिन्यातला एक आठवडा गावाकडून काम करायची मुभा आहे, तेव्हा ठरवलं की शनिवार-रविवार कपाटं बनवायची. झालं! घरात सभा भरली. मामा म्हणाले, "सुतार लावू की." आत्या म्हणाली, "आधीच कंबर गेलीया, त्यात हे काय करायलास?" आई काही बोलली नाही, पण मोजायची टेप आणून दिली. (आमच्या घरात मंजुरी अशीच मिळते.)

आता जरा आरामाकडे वळू. कंबरदुखीत 'पडून राहा' हा सल्ला एकेकाळी डॉक्टरही सर्रास द्यायचे. मग काही लोकांनी तो तपासून पाहिला. १९८६ साली अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितलं. सात दिवसवाल्यांना जास्तीचा फायदा काहीच झाला नाही, उलट दोन दिवसवाल्यांच्या कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले. १९९५ साली हेलसिंकीत तीन गट केले: एक पडून राहणारा, एक व्यायाम करणारा, आणि एक सोसवेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारा. सगळ्यात लवकर तिसरा गट बरा झाला, सगळ्यात हळू पहिला. 'पण तुझी तर पायात कळ जाते, तुझं वेगळं,' असं कुणी म्हणेल. त्याचंही उत्तर आहे. १९९९ साली नेदरलँड्समध्ये पायात कळ जाणाऱ्या १८३ रुग्णांवर असाच अभ्यास झाला. दोन आठवडे पडून राहिलेले आणि न राहिलेले, बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोक सुधारले होते. म्हणजे पडून राहून नुकसान नाही झालं तरी फायदा शून्य.

हृदयाचंही तेच. हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या माणसाला एकेकाळी चार-सहा आठवडे पलंगावर झोपवून ठेवायचे. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हीन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. आज ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेव्हा ते भलतंच धाडस होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इथे गैरसमज नको. पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या मधला भाग बधीर होत असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर हा लेख बंद करा आणि थेट हॉस्पिटल गाठा. आणि काम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कर, पण वजन उचलू नकोस, एका जागी अर्ध्या तासावर राहू नकोस." बास. मला ह्या दोन वाक्यांत आख्खं डिझाइन डॉक्युमेंट मिळालं.

पहिली अट वजनाची. आठ बाय चार फुटांचा १९ मिलिमीटर प्लायवूडचा शीट तीस-पस्तीस किलोचा भरतो. अमेरिकेतली 'नायॉश' ही सरकारी संस्था सगळी परिस्थिती उत्तम असली तरी एकट्याने उचलायची मर्यादा २३ किलो धरते, तीही धडधाकट माणसासाठी. म्हणजे शीट हा प्रकार माझ्यासाठी बादच. मग कागदावर कटिंगचा आराखडा काढला आणि उमरग्याला दुकानातच मशीनवर तुकडे करून घेतले. साठ बाय पंचाहत्तर सेंटिमीटरचा तुकडा पाच किलोच्या आसपास येतो. तो मी उचलू शकतो, आईही उचलू शकते. वर मापं अचूक येतात ती वेगळीच. (प्लाय आयएस ७१० मार्कचं घेतलं. ह्या चाचणीत नमुना ७२ तास पाण्यात उकळतात. सिंकच्या खाली दुसरं काही टिकत नाही, शिवाय आमच्याकडे वाळवीची हौस दांडगी, म्हणून खालून वाळवीचं औषधही मारलं.)

दुसरी अट बसण्या-उठण्याची. आपले सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करतात. बघायला सुंदर, पण माझ्या मणक्याला ते अशक्य. म्हणून दोन घोड्यांवर जुनं दार आडवं टाकलं आणि कंबरेच्या उंचीचं टेबल केलं. मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर. वाजला की हातातलं खाली ठेवायचं आणि अंगणात दोन चकरा. दिवसाला असे सहा डाव, सातवा नाही. बरं वाटत असतानाही नाही. हे सगळ्यात कठीण. आजारी माणसाचा घात वाईट दिवशी होत नाही, चांगल्या दिवशी होतो. चांगल्या दिवशी तो चार दिवसांचं काम उरकतो आणि पुढचे चार दिवस कण्हत पडतो. मग घरचे म्हणतात, 'बघ, सांगितलं होतं ना.'

तिसरी अट मी घातली, फुफ्फुसांची. लाकडाचा भुसा ही दिसते तेवढी गरीब वस्तू नाही. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक गटात टाकली. प्लायच्या डिंकातून सुटणारं फॉर्मल्डिहाइडही २००४ साली त्याच गटात गेलं. धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्यात काम करणाऱ्यांना, पण पॉलिश पेपर मारताना चांगला मास्क आणि उघडं अंगण एवढं आपण नक्कीच करू शकतो. आणि हो, घरी सुतार लावलात तर त्यालाही मास्क द्या. आपण चहा देतो, मास्क देत नाही.

ह्या तिन्ही अटींनी काम हळू झालं, मान्य. पण वाईट झालं नाही, चांगलंच झालं. शरीराच्या मर्यादा म्हणजे रिक्वायरमेंट्स. आपण ऑफिसात मेमरी कमी आहे म्हणून रडत बसत नाही, तेवढ्या मेमरीत बसेल असं लिहितो. हाच विचार मग कपाटांच्या आतही शिरला. आईचे सगळे डबे ओट्यावर मांडले आणि रोज लागणारे व जड डबे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात येतील असे खण पाडले. वर फक्त दिवाळीची भांडी. ह्यात माझी अक्कल नवी नाही. मार्गारेट शुट-लिहोट्झकी नावाच्या ऑस्ट्रियन बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर डिझाइन केलं. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती आजी. त्यात एक फिरतं स्टूल होतं, बाईने बसून काम करावं म्हणून. शंभर वर्षं होत आली, शोरूममध्ये सॉफ्ट क्लोज सगळे दाखवतात, स्टूल कुणी दाखवत नाही.

आता शेवटच्या मुद्द्याकडे: पूर्ण करणं. सॉफ्टवेअरमध्ये एक जुना विनोद आहे, बेल लॅब्सच्या टॉम कारगिलच्या नावावर. पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के! सुतारकामात हे शब्दशः खरं आहे. सांगाडे तीन वीकएंडमध्ये उभे राहिले. मग कडांची पट्टी, सनमायका, बिजागऱ्या, शटरमधली दोन मिलिमीटरची फट सारखी करणं, ह्यात तीन महिने गेले. मध्ये पंधरा दिवस कळ वाढली तेव्हा काम थांबलं. सगळ्यांचा सूर एकच: आता तरी सुतार बोलव. मी पंधरा दिवस थांबलो आणि सोळाव्या दिवशी एक बिजागरी बसवली. एकच.

हा हट्ट वाटेल, पण ह्याला आधार आहे. नॉर्टन, मोचॉन आणि अरिएली ह्यांचा २०१२ सालचा 'आयकिया इफेक्ट'वरचा अभ्यास प्रसिद्ध आहे: स्वतः जोडलेल्या वस्तूची किंमत माणसाला जास्त वाटते. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा, की हे फक्त वस्तू पूर्ण झाली तरच होतं. ज्यांना ती पूर्ण करू दिली नाही त्यांना तिचं काही कौतुक उरलं नाही. आजारी माणसाच्या आयुष्यात अर्धवट गोष्टींचे ढीग आधीच असतात: अर्धवट ट्रेक, अर्धवट जिम, रद्द केलेली तिकिटं. अशा माणसाचं काम दुसऱ्याने 'मदत' म्हणून पुरं करून टाकलं, तर कपाट मिळतं, पण 'हे माझ्याच्यानं झालं' हे वाक्य मिळत नाही. मला ते वाक्य हवं होतं. मदत मी भरपूर घेतली: वरची कपाटं भिंतीला लावताना मामांनी आणि शेजारच्या दोघांनी उचलून धरली, स्क्रू मी पिळले. उचलायला माणसं लावणं आणि काम काढून घेणं ह्यात फरक आहे, तो घरच्यांनी ओळखावा एवढीच विनंती.

ह्यावर एक आक्षेप रास्त आहे. माझी ही हौस पगारी रजेच्या आणि लॅपटॉपच्या जोरावर आहे. आमच्याच जिल्ह्यातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. त्यांचीही कंबर दुखते, पण त्यांना कुणी 'आराम कर' म्हणत नाही, कारण त्यांच्या आरामाचे पैसे कुणी देत नाही. त्यांना काम बेतून मिळत नाही, त्यांनाच कामाला बेतावं लागतं. म्हणून मी आरामाला हराम म्हणणार नाही. ज्याला तो हवाय त्याला तो मिळत नाही, आणि ज्याला तो उपयोगी नाही त्याच्यावर तो लादला जातो, अशी आपली उलटी वाटणी आहे.

तेव्हा मंडळी, घरात कुणी दुखणेकरी असेल, मग ते रिटायर्ड वडील असोत की तिशीतला बंगळुरूचा भाऊ, आणि त्याने काही करायचं मनात घेतलं असेल, तर 'कशाला उगाच' म्हणू नका. 'कसं करशील?' असं विचारा. टेबल उंच करून द्या, वजन वाटून घ्या, गजर लावून द्या. आणि शेवटचा स्क्रू त्यालाच पिळू द्या.