'लिंक खाली दिली आहे': टॉनिकच्या रीलमागचा धंदा समजून घ्या

मोसंबीची फळगळ सुरू झाली की मोबाईलवर एक ठराविक व्हिडिओ फिरायला लागतो. हिरवीगार बाग, खांद्यावर गमछा टाकलेला तरुण, हातात बाटली. "दादा, एका फवारणीत गळ बंद. लिंक खाली दिली आहे, माझा कोड टाकला तर दोनशे रुपये कमी." अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातल्या बऱ्याच वाचकांनी असा एखादा व्हिडिओ पाहिला असेल. काहींनी बाटली मागवलीही असेल.

फळगळ पाण्याच्या ताणाने होते, अन्नद्रव्यं कमी पडली म्हणून होते, बुरशीने होते, रस शोषणाऱ्या पतंगानेही होते. चार वेगळ्या दुखण्यांना एकच बाटली कशी चालेल, हे बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. आज आपला प्रश्न वेगळा आहे. तो गमछावाला तरुण शेतकरी म्हणून बोलतोय की विक्रेता म्हणून?

यात वापरले जाणारे शब्द आधी समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. 'माझा कोड' किंवा 'माझी लिंक' म्हणजे अ‍ॅफिलिएट मार्केटिंग. त्या लिंकवर त्या व्हिडिओवाल्याची खूण असते. तुम्ही तिथून बाटली घेतली की कंपनीला कळतं गिऱ्हाईक कोणी आणलं, आणि त्याच्या खात्यात कमिशन पडतं. 'कोलॅब' किंवा 'पेड प्रमोशन' म्हणजे विक्री होवो न होवो, व्हिडिओ करायचे ठरलेले पैसे. कधी पैसे नसतात, फुकट माल असतो. फवारणी पंप, मोबाईल, बियाण्याच्या पिशव्या.

कमिशन घेणं हे पाप नाही, हे आधीच सांगतो. कृषी सेवा केंद्रवाल्यालाही बाटलीमागे पैसे सुटतात. बाजार समितीत आडत असते. ती कोणी द्यायची यावरून भांडणं झाली, नियम बदलले, पण आडत असते हे कोणी लपवत नाही. दुकानदाराकडे परवाना असतो, तो बिल देतो, आणि माल फसला तर तो चौकात भेटतो. रीलवाला मात्र "आपलाच माणूस" म्हणून बोलतो आणि पैशाचं नाव काढत नाही. फसवणूक इथे आहे.

आणि हे आता नुसतं नीतीचं राहिलेलं नाही, कायद्याचं झालंय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. २०२२ च्या जूनमध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली आणि जानेवारी २०२३ मध्ये खास इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी सूचना निघाल्या. त्यांचा सारांश साधा आहे. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, बक्षीस, इतकंच काय कंपनीत नातेवाईक किंवा नोकरी असली तरी ते उघड सांगायचं. 'जाहिरात', 'प्रायोजित' असा स्पष्ट शब्द हवा, आणि तोही ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत. व्हिडिओत तो लिहून दिसला पाहिजे आणि बोलूनही सांगितला पाहिजे. खाली पंधरा हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेला चालत नाही. शिवाय ज्या वस्तूची शिफारस करताय ती स्वतः वापरलेली पाहिजे.

शिक्षाही किरकोळ नाही. खोट्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदी येऊ शकते, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत. दाव्याची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका आहे. आपल्याकडची जी पोरं शेतीचे चॅनल चालवतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. कंपनी दूरच्या शहरात असते, चेहरा तुमचा असतो.

हे प्राधिकरण नुसतं कागदावर नाही. स्पर्धा परीक्षांच्या काही कोचिंग क्लासना त्याने दंड केला आहे. त्यांच्या जाहिरातीत पास झालेल्यांचे फोटो होते, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त मुलाखतीचा फुकटचा कोर्स केला होता, ही गोष्ट दडवली होती. गावातल्या किती बापांनी असे फोटो पाहून फी भरली असेल!

आता दुसरा शब्द, 'लीड'. "मोफत सल्ला हवाय? नाव, गाव, नंबर, किती एकर, कोणतं पीक, एवढं भरा." हा फॉर्म भरला की तुम्ही लीड झालात. म्हणजे गिऱ्हाईक होऊ शकणारा माणूस. मार्केटिंगच्या बाजारात लीड विकली जाते, एका नंबराला अमुक पैसे या हिशोबाने. पाच एकर मोसंबीवाल्याचा नंबर दोन एकरवाल्यापेक्षा महाग, हे सांगायला नको. मग दुपारी जेवायला बसलं की फोन सुरू. आज टॉनिकवाला, उद्या ठिबकवाला, परवा कर्ज देणारा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. तोवर फॉर्म भरताना आपला हात आपणच आवरायचा.

"मी नुसतं बोललो आणि जाहिरात आली, फोन ऐकतो की काय?" असं बरेच जण विचारतात. ऐकायची गरजच पडत नाही. तुम्ही काय शोधलं, कोणता व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, कुठे बोट लावलं, एवढ्यावरून भागतं. याला 'टार्गेटिंग' म्हणतात. एकदा पाहिलेली बाटली पुढे आठवडाभर मागे लागते, ते 'रिटार्गेटिंग'. अशा जाहिरातीवर फेसबुक 'प्रायोजित' लिहितं तरी. पण चॅनलवाला स्वतःच्या तोंडाने जाहिरात करतो तेव्हा त्याने खूण केली नाही, तर कंपनीकडून पैसे घेतलेत हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

"फक्त १७ बाटल्या शिल्लक", उलटं चालणारं घड्याळ, खाली एकसारख्या "एक नंबर रिझल्ट" कमेंटा. खोटी घाई आणि बातमीच्या वेशातली जाहिरात, दोन्ही ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमात 'डार्क पॅटर्न' म्हणून मोडतात. असे १३ प्रकार त्यात बंद केले आहेत. आमच्यासारखी पोर्टलंही जाहिरातीवरच चालतात, तेव्हा इथेही एखादी 'बातमी' फारच गोडगोड वाटली आणि वर 'जाहिरात' लिहिलेलं नसेल, तर आम्हालाही जाब विचारा.

टॉनिकपुरतं बोलायचं तर आपण ज्याला टॉनिक म्हणतो त्यातला मोठा भाग सरकारी भाषेत 'जैव उत्तेजक'. २०२१ पासून ते खत नियंत्रण आदेश १९८५ खाली आले. आधी तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विक्री चालायची, ती मुदत जून २०२५ मध्ये संपली. म्हणून बाटली घ्यायच्या आधी रीलवाल्याला कमेंटमध्ये दोनच गोष्टी विचारा. या उत्पादनाची नोंदणी कोणत्या पिकासाठी आहे? आणि तुला यात किती मिळतात? उत्तराऐवजी ब्लॉक केलं, तर तेही उत्तरच समजा.

पार्सल दारात पैसे देऊन घेतलं तरी बिल मागा. बॅच नंबर, कंपनीचा पत्ता, परवाना नंबर बाटलीवर आहे का बघा, आणि व्हिडिओ डिलीट व्हायच्या आत त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. माल बोगस वाटला तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, उरलेली बाटली फेकू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पैसे ऑनलाइन उकळले असतील तर १९३०, तोही लगेच. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगातही दावा करता येतो, त्यामुळे कंपनी दिल्लीची असली तरी तुम्हाला जालन्यातच तक्रार दाखल करता येते.