क्वीटो जहाजांतील मका

आमच्या भिंगारलगतच्या नगरांत अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. १९०० च्या दुष्काळांत न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' पत्रानें वाचकांकडून वर्गणी जमवून 'क्वीटो' जहाजानें मुंबईस मका धाडला. जहाजाचा खर्च मात्र अमेरिकन सरकारनें सोसला. त्या साह्याच्या कमिटीचे चिटणीस नगरचेच रेव्हरंड ह्यूम. धर्मानें दाणा द्यावा व राज्यानें गलबत, ही वाटणी आम्हांस योग्य वाटते.

आपल्या घरांतून अशा दाण्याकडे संशयानें पाहण्याची चाल होती. मागून बाप्तिस्मा येतो म्हणून. तो संशय अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. पण उपाशी पोरास ती चौकशी करावयास सवड कोठून? आणि त्या वेळीं आपल्यापैकीं किती घरांनीं आपलें पेव उघडलें, हें कोणी विचारीत नाहीं. १९७२ त परदेशचा तांबडा मिलो आम्हींही शाळकरी वयांत खाल्ला. भाकरी धड थापवत नसे, तो भाग निराळा.

२०२५ त अमेरिकेनें परदेशी साह्याचें सरकारी खातें बंद केलें, तेव्हां तेथील अनेक ख्रिस्ती संस्थांनीं हरकत घेतली. त्यांतील कांहींचें काम त्याच पैशावर चाले, हें खरें. तथापि त्या पैशाचा दाणा परक्याच्याच चुलीवर शिजत असे.