झोप लागते का, हे कोण विचारणार?

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत नाईट करून सकाळी घरी येणारा माणूस आषाढात झोपत नाही. लावणीला गडी मिळत नाहीत, म्हणून चहा घेऊन तो तसाच चिखलात उतरतो. दुपारी पडला, तरी घरात पोरंबाळं, शेजारी गिरणीची घरघर. रात्री पुन्हा प्लांटवर. रसायनांच्या कारखान्यात अर्धवट झोपेतल्या माणसाने व्हॉल्व्ह सांभाळायचे, ही गोष्ट आपण किती सहज स्वीकारली आहे! पुढे तो चिडचिडा होतो, मग पिऊ लागतो, आणि गाव म्हणतं, पैसा आला नि माज चढला.

खाली खाडीकाठी वेगळंच दुखणं आहे. जगबुडी आणि वाशिष्ठीचं पाणी दाभोळच्या खाडीत येतं. तिथल्या भोई, खारवी, दालदी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या या खाडीवर पोट भरलं. सांडपाण्याने मासे मेल्याच्या तक्रारी आता जुन्या झाल्या. बापाचं जाळं रिकामं येतं आणि मुलगा वरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे हजेरीवर असतो. बापाने बोलावं कुणाविरुद्ध? मुलाचा पगार तिथूनच येतो. एकाच घरातला हा राग कुठेच निघत नाही. जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच बाहेरच्याला दिसतं. मला या भागातली सगळ्यांत मोठी जखम ही वाटते, आणि तिची नोंद प्रदूषणाच्या कुठल्याही अहवालात होत नाही. त्यात 22 जुलै 2021 चा महापूर. चिपळुणात अजूनही पावसाचा जोर वाढला की रात्रभर जागी राहणारी माणसं आहेत.

उपचार नाहीत असं नाही. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, त्यातलं एक आपल्याच जिल्ह्यात, रत्नागिरीला. पण लोट्याहून ते शंभरेक किलोमीटर, आणि कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. शिवाय तिथे नेलं म्हणजे माणूस कामातून गेला, ही भीती. खरं तर बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन घरी येता येतं. पण हे कळेपर्यंत लोक भगताकडे जातात. देवाला गाऱ्हाणं घालू नका, असं मी म्हणणार नाही. गाऱ्हाण्यात निदान घरातलं दुःख कुणीतरी मोठ्याने बोलतं. पण गाऱ्हाणं घालून झाल्यावर डॉक्टरकडेही जा.

सरकारला घरोघरी जाऊन विचारणं अवघड आहे, हेही मला पटत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आशाताईंनीच दारोदार जाऊन विचारपूस केली. तेच काम खाडीकाठी आणि लोट्याच्या आसपासच्या गावांत का होऊ नये? परप्रांतातून आलेली पोरं एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांच्या दारात तर सणालाही कुणी जात नाही.

कारखान्यांचंही काम आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायदा बदलला आणि धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. तपासणीत रक्त, छाती, कान बघतात. झोप लागते का, कामावर येताना भीती वाटते का, जगावंसं वाटतं का, हे तीन प्रश्न त्याच टेबलावर विचारायला यंत्र लागत नाही, फक्त उत्तर दिल्यामुळे काम जाणार नाही याची लेखी हमी लागते. ती ठेकेदाराच्या माणसांनाही मिळाली पाहिजे.

आणि वाचकांना सांगायचं ते हे. 14416 हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं; नाईटवरून सुटलेल्याला पहाटेही करता येतो. कुणी जिवाचं बरंवाईट करू पाहिलं, तर पोलिसांच्या भीतीने ते लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानलं आहे आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. हा क्रमांक कंपनीच्या बसमध्ये, जेटीवर, रेशन दुकानात लिहून लावा, आणि घरात जो गप्प झाला आहे त्याच्या फोनमध्ये आजच घालून द्या.